पॅनेलपुढची चापट

विजेचं पॅनेल उघडायच्या आधी मॅडम हातातलं कडं आणि घड्याळ काढून माझ्या तळहातावर ठेवायच्या. "धरा दादा. सोन्याचं न्हाई, पण माझं हाय." मग मेन स्विच बंद, त्याला कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. वर मीटर लावून वीज खरंच गेली का ते बघणं. एवढं झाल्याशिवाय त्यांचं बोटसुद्धा आत जात नसे.

लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीन तेलाच्या कारखान्यात मी ऑपरेटर होतो आणि त्या इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला. मूळ बिलोलीच्या, डिप्लोमा केलेल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांना मात्र आम्ही सगळे दादा नाहीतर मामा.

एकदा कन्व्हेयरचा फ्यूज उडाला. फिटरमामांनी नवा घातला, तोही उडाला. "मॅडम, जरा मोठाच टाका की," मामा वैतागून म्हणाले.

"मामा, त्यो आपल्यापायी मेला. कशानं मेला, एवढं तरी इचारू."

केबल तपासत गेल्या, तर एका वळणावर ती उंदरानं कुरतडलेली. केबल बदलली, फ्यूज होता त्याच मापाचा घातला, आणि कन्व्हेयर सुरू झाल्यावर म्हणाल्या, "फिटलं सुतक. आता चहा सांगा."

इलेक्ट्रॉनिक सर्किटचं कार्ड बदलताना तर बघत राहावं. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून कार्ड पापडासारखं कडेनं उचलायच्या. "आपल्या अंगातल्या विजेनं बी मरतं हे. आपल्याला कळत बी न्हाई."

आणि मग ती चापट.

ऐन हंगाम होता. मोठ्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचं कार्ड गेलं, कारखाना थांबला, गेटबाहेर ट्रकांची रांग लागली. मॅडमनी वीज तोडून कुलूप घातलं, ड्राइव्हचं झाकण काढलं आणि समोर नुसत्या उभ्या राहिल्या. कारखान्याचे मालक, शेठजी, तणतणत आले.

"बंद हाय ना? मग वाट कुणाची बघून राहिल्या?" असं म्हणत त्यांनी स्वतःच आत हात घातला.

फटकन आवाज झाला. मॅडमनी शेठजींच्या हातावर चापट मारली होती. सगळ्यांच्या देखत.

"तोडल्यावर बी आत वीज साठून राहती, शेठजी! उतरू द्यावी लागती!" त्यांचा आवाज फाटला होता.

शेठजी हात चोळत केबिनमध्ये गेले. "दादा, गेली नोकरी," मॅडम हळूच म्हणाल्या. तरी घाई केली नाही. थांबल्या, मीटर लावला, साठलेली वीज उतरल्याची खात्री केली आणि मगच कार्ड बसवलं. मोटर फिरली. बाहेर ट्रक हलले.

त्या हत्यारं पिशवीत भरत होत्या तेव्हा शेठजी परत आले. त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"आई गेल्यापासून मला असं कुणी मारलं न्हाई," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "उद्या वेळेवर या."

मॅडमनी तोंड पॅनेलकडे फिरवलं आणि घट्टच असलेला एक स्क्रू बराच वेळ आवळत राहिल्या.

पुढं त्यांच्या वडिलांना पक्षाघात झाला. घरात दुसरं कुणी नव्हतं. नोकरी सोडून त्या बिलोलीला गेल्या. काही महिने फोन चालले, मग नंबर बदलले. तुमचीही अशी माणसं सुटली असतील. भांडण नाही, तंटा नाही, नुसती सुटली.

गेल्या हिवाळ्यात नांदेडहून एसटीनं जाताना बिलोलीत गाडी थांबली. खिडकीतून स्कूटी दिसली. पुढं मॅडम. मागं वडील, ओढणीनं मॅडमच्या कमरेशी बांधलेले, धड हातानं हत्यारांची पिशवी छातीशी धरून.

"मॅडम!" मी ओरडलो. तेवढ्यात एसटी सुरू झाली.

वडिलांनी मान वळवून पाहिलं. मॅडमचं लक्ष रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे होतं. स्कूटी अगदी सावकाश, एक एक खड्डा चुकवत, गल्लीत वळली.