मैनेचा हिवाळा

आबाजी रोज सकाळी आधी घोडीचा कान धरत आणि मग माझा. घोडीच्या कानाच्या मुळाशी बोटं घालून ते थंडीचा अंदाज घेत. तिथे गार लागलं तर त्या दिवशी खोगीर खुंटीवरच राहायचं. माझा कान धरायचं कारण साधं होतं, मी उठलेली नसायचे. दोन्ही कान एकाच हाताने आणि सारख्याच ताकदीने धरले जायचे. नंतर घोडीच्या कपाळावरून त्यांचा तळवा फिरायचा, माझ्या कपाळावरून कधी फिरला नाही.

आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. घाटंजीला त्यांनी जन्मभर वकिली केली, आणि कोर्टात जाणं थांबलं तरी घरात ती चालूच राहिली. माझे बाबा राजूरला कोळशाच्या खाणीत नोकरीला होते. तिथल्या धुळीने मला लहानपणापासून खोकला जडलेला. हिवाळा आला की छातीत शिट्टी वाजायची आणि आई रडकुंडीला यायची. म्हणून पाचवीपासून मला घाटंजीला आजीकडे ठेवलं. सगळे 'आजीकडे' असंच म्हणायचे. आबाजींकडे कोणी आपलं मूल ठेवलं नसतं.

आजीने मला एका हिवाळ्यात बरी केली. ओव्याचा शेक, छातीला कोमट तेल, जेवताना माझ्या ताटात सगळ्यात आधी तूप. ती बोलायची कमी आणि खाऊ घालायची जास्त. तिचा पहिला मुलगा, म्हणजे माझा थोरला मामा, तीन वर्षांचा असताना तापात गेला होता. तापात तिनेच त्याला हट्टाला कंटाळून काहीतरी खायला दिलं होतं, आणि त्यामुळेच तो गेला असं तिने मनाशी धरलं. डॉक्टरांनी नाही म्हटलं तरी तिला पटलं नाही. वर्षभर ती अंथरुणातून उठली नव्हती, असं आई सांगायची. घरात तो विषय कोणी काढत नसे.

मैना नावाची ती बदामी घोडी आबाजींनी जवळच्या एका तांड्यावरच्या नाईकाकडून घेतली होती. लग्नसराईत तिच्यावर नवरदेव बसायचे. विकल्यावरही म्हातारा नाईक बाजाराच्या दिवशी फाटकाशी येऊन उभा राहायचा आणि मैना त्याला पाहून खिंकाळायची. एकदा त्याने पिशवीतून भाकरीचा तुकडा काढला, तर आबाजी ओसरीवरून म्हणाले, "नाईक, विकली ना तुम्ही? मंग सोयऱ्यावानी भेटाले कायले येता?" नाईकाने भाकरी परत पिशवीत ठेवली आणि तो गेला. पुन्हा कधी आला नाही. आजी दिवसभर आबाजींशी बोलली नाही, पण ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"पावसाळ्यात रस्ता ठरवते, उन्हाळ्यात ऊन ठरवते, हिवाळ्यात मी ठरवतो," असं आबाजी म्हणत. मैनेला किती वेळा बाहेर काढायचं याचा त्यांचा हिवाळी कायदा होता. दिवाळीपर्यंत रोज रपेट. तुळशीचं लग्न लागलं की एक दिवस आड. वारा बोचायला लागला की आठवड्यातून दोनदा, तेही ऊन कौलांवरून अंगणात उतरल्यावर. अजिबात काढायचं नाही असं मात्र नाही, कारण बसून राहिलं की जनावर आखडतं. आणि ज्या दिवशी रपेट नाही त्या दिवशी चंदी नाही, म्हणजे भिजवलेला हरभरा बंद, नुसता कडबा. या शेवटच्या कलमाला ते सगळ्यात जास्त जपत. काम नसताना दाणा अंगात साठला आणि मग घोडी बाहेर काढली, तर मागचे पाय लाकडासारखे होतात आणि ती जागीच बसते, हे त्यांनी मला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं.

आजीला हे पटत नसे. हिवात पोट भरलेलं पायजे, माणसाचं काय आणि मुक्या जनावराचं काय, असं ती पुटपुटायची. आबाजी म्हणायचे, "अपील नाही."

हा कायदा ते माणसांनाही लावत. आजीचा धाकटा भाऊ एकदा यवतमाळहून चार दिवस राहायला आला. निवृत्त माणूस, गप्पा मारायचा, दुपारी झोपायचा, मोकळं हसायचा. तिसऱ्या दिवशी तो जेवायला बसला, तेव्हा आबाजींनी स्वयंपाकघराकडे पाहून विचारलं, "आज यानं काय काम केलं? चंदी काहून वाढली?" ते हसत होते. मामाआजोबाही हसले, आणि दुसऱ्या सकाळच्या एसटीने निघून गेले. आजीने करून ठेवलेले मेथीचे लाडू डब्यात तसेच राहिले.

मला घोड्यावर बसायला त्यांनीच शिकवलं. वाढदिवसाला सायकल मागितली होती, तर म्हणाले, "सायकलीले अक्कल लागत नाही." पहिल्याच महिन्यात मी मैनेवरून कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीत पडले. मनगट सुजलं, गाल खरचटला. आबाजी धावत आले आणि त्यांनी आधी मैनेचे चारही पाय चाचपून पाहिले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "लगाम सुटला होता का हातातून?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मंग पडली म्हणू नको. उतरली म्हण." खोटं कशाला बोलू, त्या वाक्याने मी आठवडाभर हवेत होते. त्यांचं कौतुक असंच मिळायचं, आणि ते मिळावं म्हणून मी काहीही केलं असतं.

मी नववीत होते, त्या हिवाळ्यात आबाजींना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी त्यांना खोलीबाहेर यायला मनाई केली. खोलीच्या खिडकीतून तबेल्याचं दार दिसायचं, तेवढ्यावर त्यांनी कारभार चालवला. घोडी काढायची मी, चारा टाकायचा आजीने, आणि हुकूम खिडकीतून. तशात अवकाळी पाऊस पडला आणि मागून असा वारा सुटला, की दुपारीही शाल काढवेना. आबाजींनी रपेट बंद केली. चंदीही बंद करायला सांगितली, आजीला दोनदा सांगितली. चार-पाच दिवस मैना तबेल्यात उभी राहिली.

मग एका रविवारी लख्ख ऊन पडलं. आबाजींनी मला खिडकीशी बोलावलं आणि नाल्यापर्यंत नेऊन आण म्हणाले. चालवत न्यायची, दुडकीसुद्धा नको. मी तसंच केलं. मैना त्या दिवशी भलतीच उसळत होती, पण मी लगाम आवळून धरला आणि तिला पाऊल पाऊल चालवलं. कापसाच्या जिनिंगपुढे गेल्यावर तिला घाम फुटायला लागला. एवढ्या थंडीत मानेवरून घामाचे ओघळ. मग मागचे पाय फरपटल्यासारखे पडायला लागले. मी खाली उतरले, तोवर ती थांबली होती, आणि मांड्यांवरचे स्नायू थरथरून दगडासारखे झाले होते. तिने लघवी केली ती काळ्या चहासारखी. मग ती रस्त्याच्या कडेला बसली आणि परत उठली नाही.

जिनिंगमधल्या एका माणसाने घरी फोन केला. आजी ऑटोने आली, धुळीतच बसली आणि मैनेचं डोकं तिने मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने दुसऱ्या ऑटोतून आबाजी आले. अंगावर दोन शाली, डोक्याला मफलर, चेहरा राखेसारखा. त्यांनी मैनेच्या मांड्यांवर हात ठेवला, तोंड उघडून पाहिलं, दातांतून काहीतरी बोटाने काढलं आणि ते बोट धोतराला पुसलं. आजी विचारत होती, काय झालं, काहून झालं, सांगत काहून नाही. जमलेली माणसं त्यांच्याकडे पाहत होती.

आबाजी उठले आणि म्हणाले, "पोरीनं पळवली. बसलेलं जनावर पळवलं का असंच होते."

मी म्हटलं, मी नाही पळवली. मी चालवत आणली.

"खोटं बोलून राह्यली," आबाजी म्हणाले. कोर्टात साक्षीदाराला म्हणत असतील त्याच शांत आवाजात.

आजीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. नुसती पाहत राहिली, मग मैनेच्या डोळ्यांवर पदर धरून तिने माझ्याकडे पाठ केली. गुरांचे डॉक्टर आले, सुया दिल्या, आबाजींनी त्यांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मैना मेली. तोवर आजी रस्त्यावरून हलली नव्हती.

मला त्याच आठवड्यात राजूरला परत पाठवलं. निघताना आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. नमस्कार करायला आत गेले, तर तिने पाय पदराखाली घेतले. राजूरच्या पहिल्याच थंडीत माझी छाती पुन्हा वाजायला लागली, आणि ती आजतागायत वाजते. आईने घाटंजीला फोन करून विचारलं, पोरीला परत पाठवू का. आजी म्हणाली, जागा नाही. पाच खोल्यांचं घर होतं ते.

पुढे वर्षांमागून वर्षं गेली. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं जायचो, तेव्हा आजी सगळ्यांना आग्रहाने वाढायची आणि माझ्या ताटाशी आली की पातेलं माझ्यापुढे ठेवून पुढे जायची. माझ्या लग्नाला ती आली नाही. आई रडून रडून बोलवायला गेली, तर म्हणाली, "तिच्या वरातीत घोडी येईल. मले पाहवणार नाही." नवऱ्याला मी घोडीवर बसू दिलं नाही, तरीही ती आली नाही. आबाजी आले. अक्षता टाकल्या आणि जेवून गेले.

गेल्या हिवाळ्यात आजी यवतमाळला दवाखान्यात होती. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. मी जाऊन तिचा हात हातात घेतला. तिने तो धरला, घट्ट धरला, आणि कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, रेणू. तिने हात सोडवून पांघरुणाखाली नेला. दोन दिवसांनी ती गेली.

तेराव्याची माणसं पांगल्यावर आबाजी अंगणात उन्हाला बसले होते. नव्वदीला आलेला माणूस, पण पाठ अजून ताठ. मला म्हणाले, बस. मी बसले.

"मैना तुझ्यानं नाही मेली," ते म्हणाले. "तुझी आजी तिले हरभरा शिजवून देत होती. गुळासंगं. मी चंदी बंद केली, त्या रोजपासून दोन्ही टाइम. तिच्या दातात सापडला मले."

मी विचारलं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?

"तेव्हाच."

"मग माझं नाव का घेतलं?"

"कोणाचं तरी घ्यावं लागत होतं. ती विचारून राह्यली होती. पोराच्या टायमाला ती वर्षभर उठली नव्हती, आपल्या हातानं खाऊ घालून मारलं म्हून. दुसऱ्यांदा उठली नसती." "तू माझ्यावर गेली. वाटलं, तू टिकशील. टिकली ना?"

मी विचारलं, आजीला शेवटपर्यंत कळलं नाही?

"नाही. तुले शिव्या देत गेली, पण सुखानं गेली."

हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. बायकोला तिच्या हातचं पाप कधी कळू न देता त्यांनी नीट पोचवलं होतं, आणि त्यासाठी काय द्यावं लागलं याचा हिशोब त्यांच्या लेखी तिथेच मिटला होता. माफी त्यांनी मागितली नाही. पाणी मागितलं. मी आत जाऊन तांब्या भरून आणला, त्यांनी तो सगळा प्यायला आणि रिकामा माझ्या हातात दिला.

पावसाळ्याआधी आबाजी गेले. मी अंत्यविधीला पोचले. लोक म्हणत होते, असा करडा पण न्यायी माणूस पुन्हा होणार नाही, आणि मी ऐकत उभी होते. मला त्यांच्यावर माया होती, आजही आहे. जगात इतका राग मला दुसऱ्या कोणाचा आला नाही, हेही खरं. ते म्हणाले तशी मी टिकले, नोकरी करते, संसार करते. फक्त एक गोष्ट त्यांना त्या दुपारी सांगायची राहिली. दवाखान्यात आजीने माझा हात सोडला, तेव्हा मी तिला सांगू शकत होते की मी मैनेला पळवलं नव्हतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण इतक्या वर्षांत मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की पळवलं असेल.