हरसूलच्या बाजारातले नमुने

"आता पुढची ट्रान्सपरन्सी," मी ऐटीत म्हणालो आणि ती प्रोजेक्टरवर उलटी ठेवली. माझा निष्कर्ष पडद्यावर शीर्षासन करू लागला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजात मी स्टॅटिस्टिक्स शिकवायचो. गणिती आनुवंशिकीची, म्हणजे आईबापांकडून मुलांत काय उतरतं याचं गणित मांडणाऱ्या विषयाची, कॉन्फरन्स आमच्याकडे भरली होती. "पेपर गाजला तर रीडरच्या पोस्टसाठी तुमचं नाव पुढे करतो," असं आमचे एचओडी म्हणाले होते. मी ते लगोलग सासुरवाडीलाही कळवून टाकलं होतं.

विषय होता सिकलसेल. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तर माणूस आजारी. एकाकडूनच आला तर तो नुसता वाहक, त्याला सहसा काही होत नाही. लग्नं नात्याबाहेर होत असतील तर आजारी, वाहक आणि निरोगी यांचं प्रमाण एका साध्या सूत्रात बसतं. जिल्ह्यातल्या आदिवासी भागात, हरसूलला घेतलेल्या माझ्या रक्ताच्या नमुन्यांत ते बसेना. आजारी फारच जास्त निघाले. मी तीन पानं समीकरणं मांडली आणि ठरवून टाकलं, की इथे जवळच्या नात्यात लग्नं होतात.

"आरोग्य खात्याला कळवू," एचओडी पहिल्या रांगेतून म्हणाले. "गावोगाव बोर्ड लावतील, नात्यात लग्न टाळा."

नमुने गोळा करायला मदत केली म्हणून हरसूलच्या भोये सिस्टरांना आम्ही सत्काराला बोलावलं होतं. त्या त्याच भागातल्या. हातातला पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"सर, एक बोलू का? आमच्यात एका कुळात सोयरीक होत नाय. असा बोर्ड लागला तर लोक म्हणतील, सिस्टरनंच आपली बदनामी केली. परत कोणी सुई टोचू देणार नाय."

"पण सिस्टर, आकडे..."

"आकडे बाजारातले ना? तुम्हीच म्हणालात, बाजाराच्या दिवशी शिबिर ठेवा, गर्दी झाली पाहिजे. मी सांगितलं, ज्यांचे हातपाय ठणकतात त्यांनी आधी या. ते आले. धडधाकट माणूस बाजार सोडून सुई टोचून घ्यायला कशाला येईल?"

सगळा हॉल हसला. सत्राच्या अध्यक्षबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"सॅम्पलिंग तुम्हीच शिकवता ना वर्गात?" त्यांनी विचारलं.

शिकवत होतो. दर वर्षी, पहिल्याच महिन्यात. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. मी तिथल्या तिथे पेपर मागे घेतला. जेवताना एचओडी माझ्या टेबलाशी बसले नाहीत.

पुढच्या सुट्टीत मी चिठ्ठ्या टाकून घरं निवडली आणि सिस्टरांच्या मागे पाड्यापाड्यांवर फिरलो. त्या झपाझप चालायच्या, मी धापा टाकत. त्या सांगत होत्या म्हणून लोकांनी दारं उघडली, हात पुढे केले. या खेपेला आकडे सूत्रात नीट बसले. म्हणजे नवीन काहीच निघालं नाही, आणि असा पेपर कोणी छापेना. रीडरची पोस्ट दुसऱ्याला गेली. सासुरवाडीला तेही कळवावं लागलं.

सिस्टरांना रिझल्ट सांगितला तर त्या म्हणाल्या, "मग? तेच तर सांगितलं होतं."

आता एखादा विद्यार्थी आकडे घेऊन आला की मी त्याचं सूत्र नंतर बघतो. आधी विचारतो, "ही माणसं तुझ्याकडे आली, की तू त्यांच्याकडे गेलास?"