अर्धी चावी

सोलापुरात खरोखरची थंडी पडते, यावर मनापासून श्रद्धा असलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नात्याने माझा साडू लागतो. बाकीचं गाव चार दिवस स्वेटर मिरवतं आणि संक्रांत सरली की पुन्हा पंख्याखाली जाऊन बसतं. साडूंचा हिवाळा मात्र बारमाही. कारण त्यांच्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे, आणि गार इंजिन एकदम उठवू नये हे त्यांनी तरुणपणी फारच मनावर घेतलं असावं. चावी अर्धी फिरवायची, आतले हीटर तापू द्यायचे, समोरचा नारिंगी दिवा विझला की मग स्टार्टर मारायचा, एवढीच गोष्ट. साडू ती पूजेसारखी करतात. एकदा दिवा विझून त्यांचं समाधान होत नाही. चावी मागे घेऊन पुन्हा तापवतात. बॉनेटवर पापड भाजून निघेल अशा मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा. रात्री जीपवर नवीकोरी चादर घालतात. "मला तापात कधी येवढं पांघरूण घातलं न्हाई ह्यांनी," असं आक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. त्यावर साडू शांतपणे म्हणतात, "तू आपली आपण सुरू हुतीस की."

एकदा डिझेल भरून झाल्यावर पंपावरच त्यांचं हे तापवणं चाललं होतं. मागे ही रांग. एक रिक्षावाला ओरडला, "क्या चचा, अंदर बिर्यानी पकारे क्या?" साडूंनी मान बाहेर काढली. "दमानं घ्या की वो. झोपल्या लेकराला थोबाडीत मारून उठवता व्हय?" आणि पुन्हा दिव्याकडे बघत बसले.

माणसांनाही ते असंच तापवून घेतात. एका सकाळी त्यांचा फोन आला. "पाव्हणं, नाष्टा झाला का? झोप लागली का? गुडघा कसा हाय?" सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हणाले, "हां, तर तुमची स्कूटर आत्ता हितनं उचलून नेली टोइंगवाल्यांनी." धावत गेलो तेव्हा रस्त्यावर तेलाचा डाग तेवढा उरला होता. या सगळ्याच्या नकला करून मी घरात हशा पिकवायचो. ज्यांच्या जीपमधून फुकट हिंडलो त्यांच्याच नकला. आता सांगतानाही बरं वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि साखरपुड्याचं आमंत्रण मी माळशिरसला, माझ्या थोरल्या भावाला, आण्णाला, व्हॉट्सॲपवर पाठवलं. धावपळ होती खरी, पण ते कारण माझं मलाच पटत नाही. आण्णा आला नाही. फोन उचलेना. वडिलांमागे तोच मोठा; तो मांडवात नसेल तर ते लग्न मला लग्न वाटणार नव्हतं. माझं तोंड पाहून साडूच म्हणाले, "चला, जाऊन येऊ. फकस्त दारात पाय ठिवल्या ठिवल्या माफीबिफी मागू नका. माणूस गार असतंय."

पहाटे जीपने निघालो. पोचलो तेव्हा आण्णा अंगणात त्याची डिझेल पिकअप सुरू करण्यासाठी झगडत होता. गारठ्याने ती नुसतीच खाकरत होती. त्याने आमच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मी "आण्णा" म्हणायला तोंड उघडलं तोच साडूंनी माझा पाय दाबला आणि स्वतः पिकअपच्या खिडकीशी गेले. मागोमाग मीही.

"आण्णा, बॅटरी मरंल. अर्धी चावी फिरवा अन् थांबा."

दिवा लागला. तिघेही त्या दिव्याकडे बघत राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. मान न वळवता आण्णा बोलला.

"सख्ख्या भावाला फोनवर फुलं पाठवून बोलवतोस व्हय रं? मी काय तुझ्या हापिसातला हाय?"

दिवा विझला. आण्णाचा हात चावीकडे गेला.

"न्हाय न्हाय," साडू घाईने म्हणाले, "आजून एकदा तापवा. गारठा लई हाय."

दिवा पुन्हा लागला.

"चुकलं आण्णा," मी म्हणालो. वाटेत पाठ केलेलं मोठं भाषण कुठे गेलं कोण जाणे. "तू ये. तू नसलास तर मांडवात मला मोठं कुणी न्हाई."

आण्णाने चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. तो तिच्या आवाजावर ओरडला, "मांडवाला डहाळे बाजारातनं आणू नगंस. आपल्या रानातल्या आंब्याचे आणतो मी!"

वहिनीच्या हातचा चहा झाला. निघताना आण्णाने गळ्यातला मफलर काढून माझ्या कानांवरून घट्ट गुंडाळला. "उघड्या कानानं आलास व्हय येवढ्या लांब," म्हणाला. शाळेला जाताना तो असाच बांधायचा, जरा जास्तच घट्ट.

पन्नाशीचा मी, तो मफलर बांधून भर उन्हात सोलापूरला निघालो. मान घामाने भिजली, तरी गाठ सोडवेना. साडूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि हात लांबवून माझ्या बाजूची काच खाली केली.