मागं दिलेला चेंडू

आमच्या गावच्या कॉलेजचा संघ एका गोलनं मागं होता, तरी चेंडू आमच्याच गोलाजवळ घुटमळत होता. याच्याकडून त्याच्याकडं, आणि कुणी अंगावर आलं की परत गोलकीपरकडं. कडेला उभे असलेले संघाचे सर ओरडत होते, "सांभाळून! चेंडू घालवू नका!"

माझ्या शेजारचे आजोबा वैतागले. "अरे, पुढं मारा की! हरायलाच लागलाय, आता काय सांभाळताय?"

लांब, पलीकडच्या टोकाला आमचा सेंटर फॉरवर्ड चेंडूसाठी हात वर करून एकटाच उभा होता. बऱ्याच वेळानं त्यानं हात खाली घेतला. त्याच्या खांद्यातली रग मला इथं बसून जाणवली. बढतीचं पत्र मला दोनदा आलं होतं. गाव सोडावं लागेल म्हणून दोन्ही वेळा मी "पुढच्या वर्षी बघू" असं कळवून मोकळा झालो. तेव्हा ते शहाणपण वाटलं होतं.

अगदी शेवटी, समोरच्यांच्या चुकीनं, चेंडू त्याच्या पायाशी आला. पुढं फक्त गोलकीपर. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. त्यानं एकदा सरांकडं पाहिलं, आणि वळून चेंडू मागं दिला.

"शाब्बास!" सर म्हणाले.

आजोबा कपाळाला हात लावून खाली बसले. आणि मला, देवाशप्पथ, हायसं वाटलं.