टॅबवरचं उलटं स्वस्तिक

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचायचे ते खालच्या कमेंट्ससाठी. "आधी वायरिंग चेक करा" असं लिहिणाऱ्यांच्या बाजूने मी, मनातल्या मनात. स्वतः कधी काही लिहिलं नाही... मराठीत तर नाहीच. शाळा इंग्लिश मीडियम, चुका सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरला, अन्नपूर्णा मंदिराच्या मागे राहतो. मी टॅबवर चित्रं काढते, तेच माझं काम. खालच्या मजल्यावर माझी सख्खी काकू, सुमनकाकू राहायची. चैत्रात ती ओट्यावर रांगोळीने चैत्रांगण काढायची — गौरीची पावलं, कासव, शंख, दोन बाजूंना दोन स्वस्तिकं. माझं पहिलं गाजलेलं चित्र म्हणजे तिच्या चैत्रांगणाच्या फोटोवरून गिरवलेलं. तिला दाखवलं तर एवढंच म्हणाली, "छान गं! कोपऱ्यात माझं पण नाव टाकशील ना?"

"काकू, ऑनलाइन असं नसतं."

असतं. मला माहीत होतं. दिवाळीनंतर काकू गेली.

या चैत्रात आमच्या इंदूरच्या लालबागेतल्या मेळ्यात लावायला मेळावाल्यांनी तेच चित्र मोठं करून मागितलं, खाली माझ्या नावासकट. नव्याने काढायला बसले. घाईत सिमेट्री टूल लावलं — डावीकडे काढा, उजवीकडे आपोआप उमटतं. पाचला फाइल प्रिंटला द्यायची होती. अडीचला सही केली, टॅब चार्जिंगला लावला, मांजर शिरतं म्हणून खोलीला बाहेरून कडी घातली आणि जेवायला बसले. आई-बाबा राजवाड्याच्या बाजारात गेलेले. घरात मी आणि समोर दादा.

वरण वाढताना एकदम डोक्यात आलं... उजवीकडचं स्वस्तिक उलटं झालं असणार! आरशातल्यासारखं. तशीच पळाले. कडी लागलेली होती. टॅबचा पासकोड फक्त मला माहीत.

दोन्ही स्वस्तिकं सुलटी होती. आणि माझी सही नव्हती.

दादाला हाक मारली. तो त्याच्या इंदुरी थाटात म्हणाला, "ऑटोकरेक्ट झालं असेल, भिया!"

"स्वस्तिक कोण ऑटोकरेक्ट करतं?"

"मग रिप्ले देख ना."

ॲप प्रत्येक रेघ रेकॉर्ड करतं. सहीपर्यंत सगळं माझंच होतं. पण व्हिडिओ तिथे संपला नाही. उजवं स्वस्तिक पुसलं गेलं... मग चार ठिपके पडले. रेघा नंतर आल्या.

आमच्यात सगळ्या आधी स्वस्तिक काढतात, मग ठिपके देतात. काकू एकटीच उलट करायची. आई चिडवायची, "जाऊबाई, आधी घर बांधा, मग माणसं राहायला येऊ द्या!" काकू म्हणायची, "माझ्याकडे आधी माणसं, मग भिंती."

त्यानंतर माझी सही पुसली गेली. शेवटच्या अक्षरापासून, सावकाश.

दादाने फाइलची माहिती उघडली. फाइलवर वेळ होती दोन बावन्न. तेव्हा मी त्याच्याच ताटात भात वाढत होते.

ॲपवाल्यांना मेल केला. असा कोणताही बग नाही, असं उत्तर आलं. दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही, तुम्हाला सुचलं तर खरंच सांगा.

फाइल मी पाचलाच पाठवली. कोपऱ्यात आधी काकूचं नाव, खाली माझं. पाचच्या घाईत लिहिताना 'सुमन'मधला म वाकडा आलाय. अधूनमधून फाइल उघडून बघते.

तो कोणी सुधारलेला नाही.