दरडीखालून एकेकानं

गाडी थांबली की माणसं बोलायला लागतात. आमच्या जीपच्या लायनीवर पावसाळ्यात गाड्या सारख्या थांबतात, म्हणून किस्सेही साचतात. रस्त्यावर आलेली माती जेसीबी उचलून नेतो. किस्से तिथंच राहतात.

खाली कर्जतला जाणारा डांबरी रस्ता, वर आमची वाडी. मधे डोंगराच्या कुशीतून कच्चा रस्ता. त्यात एक तुकडा असा आहे, की पावसात वरून दरड कधी सुटेल याचा भरवसा नाही. मी उभा जन्म या रस्त्यावर जीप चालवली. आता गुडघा क्लच दाबत नाही. म्हणून त्या तुकड्याच्या वरच्या टोकाला पत्र्याची शेड टाकून बसतो. शेडमध्ये पहारी, फावडी, दोरखंड.

नियम मी घातलेत. दरडीखालून एका वेळी एकच गाडी. प्रवाशांनी उतरायचं आणि एकेकानं चालत जायचं. ड्रायव्हरनं काचा खाली घ्यायच्या, सीटबेल्ट सोडायचा, गाणी बंद. मधे थांबायचं नाही. अलीकडं दोघं उभे: एक रस्ता बघणार, एक डोंगर बघणार. डोंगर बघणाऱ्यानं खाली बघायचं नाही. रस्त्यावर काही का होईना, रस्ता बघणारा 'झालं' म्हणेपर्यंत मान वळवायची नाही.

पोरं मला नाना म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

•

आमच्यात रघू नावाचा ड्रायव्हर आहे. वाडीतलाच. नजर अशी, की धुक्यात वर दगड हलला तरी त्याला कळतो. त्याची बायको जानी रानभाज्या घेऊन कर्जतच्या बाजाराला जाते.

एकदा डोंगर बघायची पाळी रघूची होती. बाजारातून परतणारी जानी डोक्यावर पाटी घेऊन दरडीखालून येत होती. मी सहज मान वळवली, तर याचे डोळे डोंगरावर नाहीत, तिच्यावर. मी चांगला फैलावर घेतला. म्हटलं, तू असा बघत राहिलास आणि वरून डोंगर सुटला, तर तुला कळणार कसं?

"कळंल की नाना," तो म्हणाला. "तिच्या तोंडावरनं कळंल."

बाकीचे हसले. मी हसलो नाही. त्या पावसाळ्यात त्याला पुन्हा त्या कामाला उभं केलं नाही.

•

खालच्या रिसॉर्टमधून मुंबईचे चार तरुण चार चाकांच्या फटफट्या घेऊन वर आले होते. येताना कोरडं होतं. परतताना पावसानं गाठलं. चौघांच्या हेल्मेटवर कॅमेरे. चौघांना एकदमच जायचं होतं, व्हिडिओ झकास येतो म्हणून.

मी दोरी आडवी लावली. त्यांतला एक मला समजावू लागला, की सगळे सोबत राहिलो तर जास्त सेफ असतं. मी शेडमधून फावडं आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

"चौघं एकदम गेलात, तर खणायला कोण राहील?"

मग एकेक गेले. शेवटी राहिला तो सगळ्यांत दांडगा. त्यानं गाडी चालू केली, बंद केली, परत चालू केली. मग हेल्मेटची काच वर करून हळूच म्हणाला, "आजोबा, मी पोचेपर्यंत तुम्ही इथंच आहात ना?"

•

ज्येष्ठातलं शेवटचं लग्न. पाऊस आधीच आलेला. वाडीतली पोरगी सासरी निघाली. मी बँडवाल्यांना गप्प केलं आणि वऱ्हाड जीपमधून उतरवलं. नवरा-नवरीलाही बरोबर सोडलं नाही. नवऱ्याची आई भडकली. लगीन लागून घटका नाय झाली, आन् या म्हाताऱ्यानं जोडा फोडला, असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. मी ऐकून घेतलं. दोरी काढली नाही.

नवरी पदर खोचून आधी गेली. नवऱ्याचा मात्र पाय उचलेना. वर बघतो, मुंडावळ्या बाजूला करतो, परत वर बघतो.

पलीकडून नवरीनं हाक दिली, "या की आता! का मी परत येऊ न्यायला?"

लग्न ठरल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती. गडी पळतच गेला.

•

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जानी पोटुशी होती. दिवस ऐन पावसात भरणार होते. दरड आली आणि रस्ता बंद पडला, तर बाईला दवाखान्यात न्यायचं कसं? रघू ज्याला त्याला हेच विचारायचा. कर्जतला जानीची बहीण आहे, तिनं खोली तयार ठेवली होती. जानी म्हणे, लावणी झाल्यावर जाईन.

रघूनं सांगून पाहिलं. आमचा दुसरा ड्रायव्हर सलीम, त्यानं जानीची समजूत घालायला आपल्या आईला मुद्दाम वर आणलं. जानीनं तिला चहा पाजला, ओटीत टाकळ्याची भाजी घातली आणि परत लावून दिलं.

शेवटी मी गेलो. ती सुपात तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, पोरी, हट्ट करू नको, खाली जा.

तिनं सूप थांबवलं नाही. "नाना, तुमची सून दर पावसाळ्याला तुमाला खाली बोलवती. तुमी कदी गेला?"

मी चहाही न घेता परत आलो. रघू शेडपाशी वाट बघत होता. काय म्हणाली, म्हणून विचारलं.

मी म्हटलं, "लावणी झाल्यावर जाईल."

•

त्याच पावसात दरड आली. वाडीच्या शाळेतले गुरुजी संध्याकाळी आमच्या जीपनं खाली जातात. गाडी शेडपाशी थांबली की ते घड्याळ बघायचे आणि मला ऐकवायचे, की नाना, तुमच्या नियमांपायी माझी कर्जतची लोकल रोज चुकते. त्या दिवशीही तेच चाललं होतं. वाक्य अर्धं झालं आणि समोरचा डोंगर खाली आला.

रस्त्यावर कोणी नव्हतं. सगळे दोरीच्या अलीकडं उभे होते. आवाज थांबला, ओल्या मातीचा वास आला, कोणी कोणाकडं बघेना. गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि खिशात टाकलं.

"नाना," म्हणाले, "चहा आहे का थोडा?"

•

त्या दरडीतून जेसीबीनं जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट काढली होती. वरची माती अजून सुटी होती. लावणी अर्धी राहिलेली, आणि सकाळीच जानीला कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यापर्यंत आली, वर चढेना. रघूनं जीपमध्ये गोधड्या अंथरल्या आणि जानीला घेऊन शेडपाशी आला. सोबत आरोग्य केंद्राची आशाताई आणि सलीम. पाऊस धोधो, वर धुकं.

आशाताईला मी नियमाप्रमाणं चालत पुढं पाठवलं. जानीला चालवणं शक्य नव्हतं. मी रघूला म्हटलं, खाली उतर. तो स्टेअरिंग सोडेना. बायको त्याची, गाडी त्याची.

"तू मागं बघत चालवशील," मी म्हटलं. "सलीम नेईल. या धुक्यात वरचं दुसऱ्या कोणाला दिसायचं नाही. तू डोंगर बघ."

रघू उतरला. जानीकडं एकदा बघितलं, माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि मान वर केली.

जीप निघाली. मी रस्ता बघत होतो. गाडी मधोमध आली आणि वर खडखड झाली. सलीमनं ब्रेक मारला. दरडीखाली थांबायचं नसतं, पण पुढं सोडायचं का मागं बोलवायचं, हे डोंगर बघणाराच सांगू शकतो. मी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "रघू?"

"बारीक खडी हाय," तो म्हणाला. आवाज सरळ होता. "वरचं जाग्यावर हाय. जाऊ द्या त्याला."

मी सलीमला हात केला. गाडी हलली. टपावर खडी वाजली. आत जानी ओरडली. रघूची मान हलली नाही.

जीप पलीकडं पोचली, दरडीच्या पट्ट्याबाहेर गेली आणि उभी राहिली. आशाताई आत चढली. तरी गाडी हलेना. सलीम खिडकीतून हात बाहेर काढून मला काहीतरी खुणावत होता. मग दिसलं. जानी कोपरावर उठून, जीपच्या मागच्या उघड्या बाजूनं आमच्याकडं बघत होती. ती सलीमला पुढं जाऊ देत नव्हती.

"अवो," पावसातून तिची हाक आली, "बगा की इकडं."

रघूच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. डोळे डोंगरावर. मी अजून 'झालं' म्हटलं नव्हतं.

"नाना," तो म्हणाला, "बगू का आता?"