न खेळणारा वाचक

किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात इतकी वर्षं बास्केटबॉलच्या बातम्या देत हिंडलो, की घरात पिशवीत पिशव्या साठतात तसे ते साठत गेले. मित्र जमले की एक काढायला जातो आणि सगळे बाहेर येतात.

एक मात्र आधी सांगतो. बास्केटबॉल खेळणारे माझं लिखाण वाचतात, पण स्वतःचं नाव आलंय का एवढंच बघायला. माझी हाव निराळी. जन्मात बॉल हातात न धरलेल्या एका तरी माणसानं माझं वाचून कोर्टाच्या कडेला येऊन उभं राहावं आणि त्याला खेळ कळावा. बस्स.

*

पहिली नोकरी उल्हासनगरच्या एका छोट्या दैनिकात. संपादक राणेसाहेब क्रिकेटचे भक्त. अंबरनाथनं बदलापूरला एकसष्ट-अठ्ठावन्न असं हरवलं, ही माझी पहिली मोठी बातमी. सकाळी पेपर उघडला तर मथळा होता, ‘अंबरनाथचा तीन धावांनी विजय’!

मी तणतणत ऑफिसात गेलो. राणेसाहेब शांतपणे म्हणाले, “अरे, वाचकाला कळायला नको का?”

मला वाटलं, आता तक्रारींचे फोन येतील. एकही आला नाही. जिंकलेल्या संघाचा कॅप्टन तेवढा येऊन गेला. त्याला जास्तीचे अंक हवे होते.

*

पहिलं पुस्तक छापलं उल्हासनगर कॅम्पातल्या सिंधी दयालशेठनी. त्यांची खासियत लग्नपत्रिका. काम चोख, पण माझं कव्हर बघून त्यांचा चेहरा पडला.

“साईं, इसपे एक बॅट डाल दो ना. छोटीसी, कोने में.”

“शेठ, पुस्तक बास्केटबॉलचं आहे.”

“वो तो अंदर है. बाहर बॅट रहेगी तो आदमी उठायेगा तो सही!”

मी बॅट घातली नाही आणि पुस्तक कोणी उचललं नाही. दयालशेठनी त्यावरून कधी टोचलं नाही. मी प्रेसमध्ये गेलो की ते चहा मागवतात आणि हळूच विचारतात, “अब डाल दें?”

*

उरलेल्या प्रती आमच्या दिवाणात. पाहुणे आले की त्यावरच त्यांची गादी पडते. एकदा माझा साडू सकाळी उठून म्हणाला, “काय मस्त झोप लागली!”

बायको चहा देता देता म्हणाली, “लागणारच. अख्खं पुस्तक आहे खाली.”

*

दुसरं पुस्तक इथल्याच खेळाडूंवर लिहिलं. प्रकाशन ठरवलं अंबरनाथच्या कोर्टवर, मॅचच्या हाफटाइमला. प्रमुख पाहुणे चांगले वक्ते निघाले, म्हणजे घोटाळाच. ते खेळ आणि संस्कार यावर आले होते, रिबन अजून सुटायची होती, आणि रेफरीनं शिट्टी वाजवली.

“साहेब, हाफटाइम संपला. कोर्ट रिकामं करा.”

आमच्याकडे शिट्टीपुढे कोणाचं चालत नाही. पाहुणे बंद पुस्तक घेऊन बाजूला झाले आणि थोड्या वेळानं घरी गेले. मॅच संपल्यावर जिंकलेला संघ मिसळ खायला पळाला. शेवटी प्रकाशन झालं ते हरलेल्या संघाच्या हस्ते. त्यांनी टाळ्याही मनापासून वाजवल्या, आणि मला खरंच फार बरं वाटलं.

*

त्या पुस्तकात वांगणीच्या वैष्णवीवर एक प्रकरण आहे. गुणी पोरगी. स्वतः बास्केट मारण्यापेक्षा दुसरीला नेमका पास देण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. मी ते तोंड भरून लिहिलं होतं.

एका रविवारी तिचे वडील घरी आले. शिंदे, मूळचे साताऱ्याकडचे, अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टला. पुस्तकात बोट घालूनच आले होते.

“सर, हे खरं हाय का? पोरगी मोकळी असून बॉल दुसरीला देती?”

“अगदी खरं,” मी कौतुकानं म्हणालो.

“मग मी तिला बंदच करतो. घरातबी तेच. समदं भावाला देती. हितं तरी सोताचं काय करंल म्हणून पाठवत हुतो.”

माझ्याच कौतुकानं तिचा खेळ सुटणार होता. मी पास म्हणजे काय ते समजावलं, कागदावर रेघा मारून दाखवल्या, त्यांना काही पटेना. विचारलं तर त्यांनी फोटोचं तेवढंच पान वाचलेलं. मी हात जोडले. म्हटलं, “शिंदे, अख्खं पुस्तक वाचा, एक मॅच बघा, मग काय ते ठरवा.”

त्यांनी ते कंपनीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं, म्हणे मोठ्यानं, सगळ्या शिफ्टला ऐकू जाईल असं.

बदलापूरच्या सेमीफायनलला ते कंपनीच्या युनिफॉर्मवरच कोर्टाच्या कडेला उभे होते. माझं अर्धं लक्ष त्यांच्याकडेच. स्कोअर बरोबरीत, शेवटचे काही सेकंद, बॉल वैष्णवीकडे. पोरीनं या वेळी कोणालाच पास दिला नाही. उडी मारली आणि स्वतः बास्केट केली. जिंकलो! पोरींनी तिला खांद्यावर घेतलं, मीही नाचलो.

मग शिंद्यांना शोधलं. ते पडलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडेच येत होते. मला बाजूला घेतलं, आणि कोणी ऐकत नाही ना ते बघून म्हणाले,

“सर, तेवढं छापू नका. डाव्या अंगाची पोरगी मोकळी हुती.”